तार चढवताना

फेब्रुवारी लागला की घनसावंगीच्या वाटेवर मोसंबीच्या बागा फुलतात. जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलेले असतो, कुणाच्या पायाशी पेंडीचं पोतं, कुणाच्या मांडीवर लेकरू, आणि एका वळणावर तो वास आत घुसतो. गोड, जरा कडवट, डोकं जड करणारा. पुढच्या सीटवरचे म्हातारबा म्हणतात, "अंदा बहार बराबर फुटला." सगळे माना डोलावतात. मी ओढणी नाकाला लावते. शेजारच्या बाईला वाटतं मला गाडी लागते, म्हणून ती सरकून मला खिडकीची जागा देते. मग वास आणखीच येतो.

मोसंबीशी माझं काही वाकडं नाही. पण हा वास आणि बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा आमच्याकडं बरोबरीनंच येतात, आणि दोघांच्या मागून अण्णा येतात. अण्णा म्हणजे माझे वडील. ते जाऊन तीन पावसाळे झाले. वर्षभर मी त्यांना बऱ्यापैकी विसरून असते, निदान तसं दाखवते. फेब्रुवारीत ते जमत नाही.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. परीक्षेआधी प्रयोगशाळेची कपाटं उघडायची, वर्षभराची धूळ पुसायची, गंजलेलं घासून घ्यायचं, हे काम माझ्याकडं. शेवटच्या कपाटात सोनोमीटर असतो. नाव मोठं, वस्तू साधी. एक लांबट पोकळ लाकडी खोकं, त्याच्यावर ताणलेली एक तार, तारेखाली पुढंमागं सरकवता येतील अशा दोन पाचरी, आणि तारेचं एक टोक कडेच्या चाकावरून खाली सोडून त्याला लटकवलेली वजनं. वजन वाढवलं की ताण वाढतो, सूर चढतो. वजन काढलं की उतरतो. दरवर्षी एखादा तरी विचारतो, "मॅडम, हे वाजवायचं का मोजायचं?" दोन्ही, मी म्हणते.

त्यातला पोरांचा आवडता भाग कागदाचा. तारेच्या मधोमध कागदाचा इवलासा तुकडा दुमडून बसवायचा. घोड्यावर बसल्यासारखा बसतो म्हणून त्याला स्वार म्हणतात. मग दोन पायांचा पोलादी नादकाटा रबरावर आपटून खोक्यावर टेकवायचा. काट्याचा सूर एकच, ठरलेला. पाचरी सरकवत तारेचा सूर बदलत न्यायचा. दोन्ही सूर जुळत नाहीत तोवर स्वार ढिम्म. शेजारून ट्रॅक्टर गेला तरी त्याला फरक पडत नाही. आणि जुळले, की कुणी हात न लावता तो टुणकन उडून खाली पडतो. पोरं हसतात. यंदा एका मुलीनं मात्र हसता हसता थांबून विचारलं, "मॅडम, त्याला कसं कळतं आपला सूर आला म्हणून?"

"त्याला काही कळत नाही," मी म्हणाले. "तार हलते, तो पडतो."

उत्तर बरोबर आहे. परीक्षेत पूर्ण गुण मिळतील.

अण्णा गवंडी होते आणि शाहीर होते. गावाला विचाराल तर हाच क्रम उलटा सांगतील. भिंत रचताना ते दोन टोकांना खिळे मारून दोरी बांधत, ती ताणत आणि बोटानं वाजवून बघत. दोरी झोळ खात नाही ना, एवढंच त्यात पाहायचं असतं, पण अण्णांना प्रत्येक ताणलेली गोष्ट वाजवून बघायची खोडच होती. कपडे वाळत घालायची तार, खाटेचं सुंभ, बागेच्या कुंपणाची तार. गाद्या पिंजायला पिंजारी आला की हे हातातलं काम टाकून त्याच्या कमानीची तात ऐकत उभे. माय वैतागायची. "अवं, सारं वाजवून झालं. आता येवढं घर बी वाजवून पाहा," म्हणायची. अण्णा खरंच खांबावर टिचकी मारून "हे उतरलंय जरासं" म्हणायचे.

गायन पार्टीत ते उभ्यानं गात आणि हातात तुणतुणं. खाली लाकडी नळकांडं, त्याला तळाशी कातडं, कातड्यातून निघून दांडीवरच्या खुंटीपर्यंत गेलेली एक तार. मला वाद्यांमध्ये सगळ्यात सोपं तेच वाटतं. माझ्या सोनोमीटरचं खेड्यातलं चुलतभावंड. खुंटीवर आणि दांडीवर अण्णांनी चाकूनं एकेक खूण कोरलेली होती. दोन्ही खुणा समोरासमोर आल्या की पेटीतली काळी चार, अण्णांचा सूर. हंगाम संपला की ते खुंटी सैल सोडत आणि तुणतुणं भिंतीच्या खिळ्याला अडकवत. "तिला बी टेकू दे जरा," म्हणत. ताणलेलं ठेवलं तर कातडं बसतं, दांडी वाकते, हे कारण खरं होतं. पण तार ही त्यांना घरातलीच एक बाई वाटायची, हेही खरं होतं. प्रयोग संपल्यावर हूकवरची वजनं काढून ठेवा, असं मी पोरांना बजावते तेव्हा हटकून अण्णांचाच शब्द माझ्या तोंडून निघतो.

आता जयंतीचं सांगायला हवं. आमच्याकडं नुसतं जयंती म्हटलं की कुणाची हे कुणी विचारत नाही, आणि तारीखही जगाला ठाऊक आहे. पण गावोगावची जयंती त्या तारखेला होतेच असं नाही. एकाच दिवशी सगळ्या गावांना गायन पार्टी कुठून मिळणार? म्हणून कुणी आठवड्यानं करतं, कुणी पंधरवड्यानं, आणि ज्या वस्त्यांची निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात त्या वस्त्या माणसं परत येईपर्यंत थांबतात. जयंती एप्रिलात लागते आणि बुद्धपौर्णिमा आली तरी कुठं ना कुठं निळ्या पताका नव्यानं लागतच असतात. लहानपणी मला याचा केवढा आनंद होता. इतरांचे सण एका दिवसात आटोपतात, आमचा संपतच नाही, असं मी शाळेत सगळ्यांना ऐकवायची.

अण्णा गेले त्या वर्षी फेब्रुवारीत विहाराच्या ओट्यावर संध्याकाळची तालीम सुरू झाली. ढोलकीवर केरबामामा. मामा धनगर, सकाळी मेंढरं आणि संध्याकाळी ढोलकी. नात्यानं आमचे कुणी नव्हेत, पण मायेला वहिनी म्हणतात आणि आमच्या घरात चहा मागून घेतात. चहा घेतल्याशिवाय ते आमच्या दारातून कधी परत गेले नाहीत, तोपर्यंत तरी.

तालमीत घसा बसतोच. आमच्या घरात फेब्रुवारीचा बसलेला घसा म्हणजे हंगाम लागल्याची खूण, त्याची काळजी कुणी करत नसे. हळदीचं दूध, तोंडात ज्येष्ठमधाची काडी, आठवड्यात आवाज मोकळा. त्या वर्षी बसलेला घसा उठलाच नाही. आवाज मोकळा व्हायच्या ऐवजी खाली खाली गेला आणि त्यात एक खरखर आली. आणि लोकांना ती आवडली. आमच्या माणसाचा गुळगुळीत आवाजावर विश्वास बसत नाही. आवाज फाटका, खरबरीत असला की त्याला वाटतं, ह्यानं सोसलंय, हा खरं बोलतोय. एरवी निम्म्या गाण्यात उठून जाणारी माणसं त्या फेब्रुवारीत शेवटपर्यंत बसू लागली. वस्तीतली एक म्हातारी तर पदरानं डोळे पुसत म्हणाली, "शाहिरा, आज काळजात गेलं रे बाबा."

"आवाज पिकून राह्यला तुमचा, शाहीर," केरबामामा म्हणाले.

"मंग," अण्णा म्हणाले. "पिकायला टाइम लागतो."

माझं लक्ष खुंटीकडं गेलं ते निव्वळ सवयीनं. मोजमापाच्या खुणा दिसल्या की माझी नजर तिथं जातेच. खुणा समोरासमोर नव्हत्या.

"अण्णा, तार उतरवली का?"

"वरी जायला जड होऊन राह्यलं. थोडी उतरवली. त्यात काय येवढं?"

पुढच्या आठवड्यात खुणा आणखी लांब गेल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. तोवर कॉलेजात प्रॅक्टिकल सुरू झाल्या होत्या. दिवसभर मी एकेका पोरासमोर उभी राहून तेच ते विचारत होते, तारेचा सूर कशानं उतरतो? लांबी वाढली तर, ताण कमी झाला तर, तार जड झाली तर. पोरं घडाघडा म्हणत होती. जीपनं परत येताना, त्याच मोसंबीच्या वळणावर, मला वाटलं ही तिन्ही उत्तरं अण्णांनाही लागू आहेत. गळा लांब व्हायचं त्यांचं वय नव्हतं. सैल सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उरलं तिसरं. तेव्हापासून त्या वळणावर मी ओढणी नाकाला लावते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना जालन्याला घेऊन गेले आणि तिथून पुढं संभाजीनगरला. मोठ्या दवाखान्यात त्यांच्या घशात नळी घालून आतलं पडद्यावर दाखवलं. दोन पांढुरक्या पट्ट्या, त्यांच्यामधली फट. डॉक्टर म्हणाले, आवाज काढा. एक पट्टी थरथरली. दुसरीवर गाठ चढली होती, ती नुसतीच ढकलली जात होती. माणसाच्या सगळ्या बोलण्या-गाण्याचा पसारा तेवढ्याशा जागेतून निघतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, शिकवलंही होतं. आपल्या बापाच्या गळ्यात ते बघायची वेळ येईल असं कुणाच्या डोक्यात येतं?

अण्णा पडद्याकडं एकटक बघत होते. नळी काढल्यावर त्यांनी विचारलं, "ह्येच्यानं गाऊन राह्यलो का मी?"

डॉक्टर चांगले होते. घाई न करता, दोनदा समजावून बोलले. गाठ वाईट आहे. आत्ता स्वरयंत्र काढून टाकलं तर माणूस वाचेल असं वाटतं. आवाज मात्र जाईल, कायमचा. थांबण्यात धोका आहे. अण्णा सगळं ऐकून घेऊन हात जोडून उठले.

बसस्टँडवर उसाचा रस घेताना ते म्हणाले, "जयंती झाली की करू."

मी त्यांच्याशी तिथंच भांडले. घरी येऊन पुन्हा भांडले. माझा स्वभाव तापट आहे आणि तो मी त्यांच्याकडूनच घेतलाय, त्यामुळं आमची भांडणं बरोबरीची असायची. मी डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य त्यांना पुन्हा म्हणून दाखवलं. चित्र काढून दाखवलं. ते बोटानं खाटेचं सुंभ वाजवत ऐकत होते.

"मला समजलं न्हाई असं न्हाई, सुजे. बराबर समजलं."

"मग?"

"जयंतीला गायलो न्हाई तं मंग वाचून काय बोंबलत बसू? बोंबलता बी येणार न्हाई."

स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले. त्या हसण्यात खरखर होती. मी केरबामामांना बोलावून आणलं, म्हटलं तुम्ही तरी सांगा.  मामा म्हणाले, "शाहीर, ढोलकी मी येकटा वाजवीन यंदा. तुमी नुसतं बसा स्टेजवर." अण्णांनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मामा उठून बाहेर गेले.

 त्या सगळ्या दिवसांत माय भाकरी थापत होती, धुणं धूत होती, दळण आणत होती. थरथरत्या तारेत काही जागा अशा असतात की त्या अजिबात हलत नाहीत. दोन्ही बाजूंची तार वरखाली होत असते आणि मधली ती जागा स्तब्ध. स्वार तिथं ठेवला तर पडत नाही. पोरांना वाटतं तिथं ताण नसेल. मी सांगते, हालचाल नाही, ताण मात्र तेवढाच आहे, सगळ्या तारेत एकच ताण असतो. मायेला मी एकदा मागच्या दारी गाठून विचारलं, तू का सांगत नाहीस त्यांना? ती भांडं घासता घासता म्हणाली, "त्येचं लगीन माझ्या आधी त्या तुणतुण्याशी झाल्तं. मी काय सांगू?"

जयंतीच्या दिवशी अण्णा गायले. निळा फेटा, पांढरा सदरा, तुणतुण्याची खूण कुठल्या कुठं गेलेली. पार्टीनं सगळी गाणी त्यांच्या उतरलेल्या सुरात बसवून घेतली होती. त्यांच्यानं अर्ध्याहून जास्त निभणार नाही असं मला वाटलं होतं. ते शेवटपर्यंत गायले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरून ठेवली. त्यांचे दोन सदरे, माझी रजा मंजूर. अण्णा दात घासत अंगणात उभे होते.

"धावड्याला शब्द देल्ता," म्हणाले. "त्येंची जयंती अजून व्हायचीय."

धावड्यानंतर भोकरदनकडचंच एक गाव निघालं. मग ऊसतोडीची माणसं परत आली आणि आष्टीच्या अंगानं दोन वस्त्यांची बोलावणी आली. मी म्हणायची, जयंती झाली. ते म्हणायचे, झाली कुठं, अजून चालूच हाय. आणि ते खोटं नव्हतं. जी गोष्ट संपत नाही म्हणून मी शाळेत फुशारकी मारायची, तीच माझा हात धरून मला फरफटत नेत होती.

धावड्याला मी त्यांच्याबरोबर गेले. ऊन उतरल्यावर, वस्तीच्या मधोमध, मंडपाखाली कार्यक्रम. मी बायकांच्यात बसले होते. पहिल्या कडव्यापर्यंत ठीक. मग ते वरच्या ओळीला गेले. सूर दुप्पट वर न्यायचा तर दुप्पट ताण पुरत नाही, चौपट लागतो. हे साधं गणित आहे, आणि मी ते अण्णांच्या गळ्याच्या शिरांवर डोळ्यांनी पाहत होते. कानापासून खांद्यापर्यंत दोरखंडासारख्या फुगलेल्या. आवाज वर गेलाच नाही, पण वर जाण्याची ती धडपड सगळ्यांना ऐकू आली, आणि मंडपात हुंदके फुटले. माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. एक बाप्या त्यांच्या पाया पडला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काय आवाज हाय माय. असा कुणाचाच न्हाई."

खरं होतं. असा कुणाचाच नसतो. मला वाटलं उठावं, माईक घ्यावा आणि सांगावं की तुम्ही टाळ्या वाजवताय त्या गाठीला वाजवताय. मला त्या माणसांचा राग आला, त्या बाईचा आला, अण्णांचा तर फारच आला. त्यांनी आयुष्यात कधी गायलं नव्हतं इतकं चांगलं ते त्या दिवशी गायले, आणि हे मला कळत होतं, याचाही राग आला. एवढा राग मी नंतर कुणावर केला नाही.  परतीच्या जीपमध्ये अण्णांनी तुणतुणं मांडीवर आडवं धरलं होतं आणि खड्डा आला की तार आपोआप हलकेच गुणगुणायची.

बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदना झाली. घरी माय खीर करत होती. अण्णांनी एक घास घेतला आणि त्यांना श्वास येईना. केरबामामांनी कुणाची तरी गाडी आणली. दवाखान्यात गळ्याला भोक पाडून नळी बसवली, त्यातून श्वास चालू झाला. डॉक्टर तेच होते. ह्या वेळी त्यांनी एकदाच सांगितलं. गाठ आता गळ्यापुरती राहिली नव्हती. काढून काही उपयोग नव्हता.

अण्णांनी हातानं विचारलं, आवाज? डॉक्टरांनी मान हलवली. श्वास आता नळीतून, आवाजापर्यंत वारंच जाणार नव्हतं. म्हणजे दोन्ही गेलं. मी हिशोब मांडत बसत नाही. तेव्हाही मांडला नाही. मला फक्त त्यांच्या शेजारी बसून खूप रडायचं होतं आणि तिथं बसायला जागा नव्हती.

घरी आणल्यावर पुढच्या कोपऱ्यात त्यांची खाट टाकली. मी त्यांना पाटी आणून दिली. माझ्यासाठी ती चालायची. अण्णा लिहायचे, मी वाचायची, कधी कधी पाटीवरही भांडायचो. पण मायेला वाचता येत नाही. खाणाखुणा समजायच्या, पण त्याला माणूस समोर लागतं, आणि ती तर दिवसभर आत नाही तर मागच्या दारी. दोन दिवस अण्णा भांडं आपटून तिला बोलवायचे. भांड्याचा आवाज त्यांना सोसेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हातानं खूण केली, खिळ्यावरचं तुणतुणं काढून दे. मी दिलं. खुंटी फिरवायला लागले, म्हटलं चढवून देते. त्यांनी माझा हात धरला. शेवटच्या कार्यक्रमात ती जिथं होती तिथंच राहू दे. तो खरखरीत आवाज जिथं येऊन थांबला होता तिथं.

मग ते एकदा बोट मारायचे आणि माय कुठूनही म्हणायची, "आले."

न्हाणीतून, चुलीपुढून, मागच्या गोठ्यातून. तार वाजली की "आले". ती येऊन उभी राहायची, त्यांच्या डोळ्यांकडं बघायची आणि पाणी का उशी का नुसतंच बसायला बोलावलंय हे तिला कळायचं. पाटीपेक्षा हे जास्त चालायचं. कधी कधी मला वाटायचं त्यांना काहीच नको असतं, फक्त ते उत्तर ऐकायचं असतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला गाण्यातून कधी हाक मारली नव्हती. त्या पावसाळ्यात दिवसभर मारत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अण्णा गेले. दारावरून बैल धुवायला नेत होते, त्यांच्या गळ्यातल्या घागऱ्या वाजत होत्या. तुणतुणं खाटेवर त्यांच्या उशाशीच होतं. ते कुणी उचलून खिळ्याला अडकवलं मला आठवत नाही. खुंटी कुणी सैल केली नाही. पण कातड्याला ओल लागते आणि तार ढिली पडते. तीन पावसाळ्यांत ती आपोआप उतरत गेली आणि शेवटी दोरीसारखी लोंबायला लागली.

यंदाच्या प्रॅक्टिकल आटोपल्या. सोनोमीटरवरची वजनं काढून, पुसून, मी तो परत कपाटात ठेवला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी केरबामामा आले. ओट्यावर बसले, चहा मागितला नाही. मग म्हणाले, "सुजाता, येक इचारू का? नवी पार्टी उभी करून राह्यलो. तुणतुणं पाहिजेल. शाहिराचं नुसतं टांगून हाय."

मी मायेकडं बघितलं. ती परात घेऊन आत निघाली होती. "न्या की," म्हणाली. "वाजलं तं बरंच हाय. चहा ठिवते, भाकरी झाल्या की."

मी ते खाली काढलं. कातड्यावर ओलीचे डाग पडले होते, खुंटी घट्ट झाली होती. पुसून घेतलं आणि उंबऱ्यावर बसले. मामा समोर उकिडवे बसले.

"खुना जुळवून दे," म्हणाले. "शाहिराचा आसल सूर. मंग बराबर हाय."

मलाही तेच हवं होतं. काळी चार. लहानपणी मी झोपेतही ओळखायची तो धडधाकट, मोकळा आवाज. ह्या घरात तो पुन्हा एकदा निघावा, एवढीच माझी इच्छा होती. खुंटी फिरवली. आधी नुसता भद्द आवाज. आणखी पिळली. मग एक जाड गुणगुण. खुणा अजून बऱ्याच लांब होत्या. मी पिळत होते, बोट मारत होते, ऐकत होते. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा. तार खालून वर चढवायची म्हणजे वाटेतले सगळे सूर लागणार, हे मी वर्षानुवर्षं शिकवते. मी खुंटी जराशी पिळली आणि बोट मारलं.

"आले," माय आतून म्हणाली.

थापणं थांबलं. ती लगबगीनं दारात आली, हात पिठानं भरलेले, कपाळावरचे केस मनगटानं मागं सारत. तिनं खाटेच्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं आता शिलाई मशीन आहे. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मांडीवरच्या तुणतुण्याकडं.



"भाकर लागंल," ती म्हणाली, आणि आत गेली.

तार अजून थरथरत होती. मी तिच्यावर तळहात ठेवला. केरबामामांनी टोपी घातली, गुडघ्यावर हात टेकून उठले. "पार्टीला दुसरं बघू," म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.

मी खुंटी पुढं पिळली नाही आणि मागंही सोडली नाही. तशीच नेऊन खिळ्याला अडकवली. आतून भाकरी करपल्याचा वास येत होता. मायेनं ती बराच वेळ उलटली नाही.